दोन्ही बटणं एकदम

"काय झालं फोनला? बघू," असं म्हणत नवऱ्याने तो तिच्या हातातून घेतलासुद्धा.

या वेळी तो घरी कधीच नसायचा. बाजारात त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान, आणि संध्याकाळी तिथे गिऱ्हाइकांची झुंबड. म्हणून तर तिने संध्याकाळचीच बस निवडली होती. बॅग भरून पलंगाखाली सरकवली होती. दुपारी त्याला मेसेज लिहिला होता. मी ताईकडे चाललेय. परत येणार नाही. फोन करू नका. जेवण झाकून ठेवलंय. पाठवायचं बटण दाबलं, मेसेजखाली ते छोटं घड्याळ आलं, आणि ते जायची वाट न बघता ती बसचं तिकीट उघडायला गेली. तिथेच फोन अडकला. पांढरा पडदा आणि मधोमध थांबलेलं चक्र. तिकीटही आत, मेसेजही आत.

"अडकलाय," ती म्हणाली. "तुम्ही आज लवकर कसे?"

"दुकानात लाइट नाही." त्याने खुर्ची ओढून दाराजवळ घेतली आणि तिथेच बसला. "इथे उजेड बरा आहे."

फोन सुरू झाला की मेसेज सुटणार, आणि त्याच्या खिशातला फोन इथेच वाजणार. तो वाचत असताना समोर उभं राहायची तिची हिंमत नव्हती. तेवढी असती तर मेसेज कशाला लिहिला असता, तोंडानेच सांगितलं असतं. सांगून पाहिलंही होतं तिने. पण ती बोलायला लागली की याचा फोन कानाला. ताटावर बसला तरी गिऱ्हाईक, अंथरुणाला पाठ टेकली तरी गिऱ्हाईक. आणि त्यांच्याशी काय ते गोड बोलणं! "घाबरू नका काका. आधी थोडा वेळ चार्जरला लावा. मग आवाज कमी करायचं आणि बंद करायचं, दोन्ही बटणं एकदम दाबून धरा. कंपनीचं नाव येईपर्यंत सोडायचं नाही. आतलं काही जात नाही." काकांसाठी एवढा धीर, आणि बायकोसाठी नुसतं हं. मागचा अख्खा आठवडा ती मुद्दाम एक शब्द बोलली नव्हती, बघू तरी म्हणून. गडी रोज पोटभर जेवून उठला. त्याला पत्ताच नव्हता.

काकांना सांगायचे ते उपाय तिला आता झोपेतसुद्धा म्हणता आले असते. तरी दुपारपासून तिने ती बटणं दाबली नव्हती. सुटेल आपोआप, असं म्हणत घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसली होती.

त्याने फोनचं कव्हर काढलं. ते शर्टाला पुसलं. चार्जर लावला, काढला, परत लावला. मग नुसतं बाजूचं बटण दाबलं आणि लगेच सोडलं. पांढरा पडदा होता तसाच राहिला.

एवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. पण तो मेसेज नव्हता, गिऱ्हाइकाचा फोन होता. त्याने नाव बघितलं, फोन कापला आणि टेबलावर पालथा ठेवून दिला. लग्न झाल्यापासून असं पहिल्यांदाच घडत होतं, पण ते ध्यानात यायला तिचं डोकं ठिकाणावर कुठे होतं? ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. आता निघालं नाही तर बस चुकणार होती.

"सिम काढून बघतो जरा," तो म्हणाला. सिम काढलं, त्यावर फुंकर मारली, उलटसुलट करून बघितलं आणि पुन्हा बसवलं. ज्याच्याकडे अख्खा बाजार फोन घेऊन येतो, तो माणूस आज नवशिक्यासारखा चाचपडत होता. घरच्या फोनची काय किंमत, तिला वाटलं. तिला रडू यायला लागलं, आणि रागही.

"द्या इकडे." तिने फोन ओढून घेतला. "दोन्ही बटणं एकदम दाबायची असतात ना?"

"असतात." त्याने मान वर केली नाही. "पण राहू दे ना थोडा वेळ. एवढी कसली घाई आहे?"

"मला आहे घाई."

तिने दोन्ही बटणं दाबली आणि धरून ठेवली. पडदा काळा झाला. अंगठा दुखायला लागला तरी तिने सोडलं नाही. शेवटी कंपनीचं नाव आलं. आता वाजेल, मग वाजेल, म्हणून ती टेबलावरच्या त्या पालथ्या फोनकडे बघत राहिली.

तो वाजला नाही.

तिने तिकीट उघडलं. ते लगेच उघडलं. बस सुटायला थोडा वेळ होता. झपाझप गेली असती तर मिळालीही असती. मग तिने मेसेज उघडला. त्याच्याखालचं छोटं घड्याळ गेलं होतं. तिथे दोन निळ्या टिक होत्या. फोन अडकायच्या आधीच मेसेज गेला होता, आणि त्याने तो दुपारीच वाचला होता.

तिने वर बघितलं. दाराजवळच्या खुर्चीत बसून तो अजून ते रिकामं कव्हर पुसत होता.

तिने तिकीट बंद केलं, फोन त्याच्यासमोर पालथा ठेवला आणि त्याच्याजवळ खुर्ची ओढून बसली.

"परत अडकला वाटतं," ती म्हणाली. "बघा जरा."