दासीमहाल

जुन्या राजधानीतली देवळं बघायला आम्ही भावोजींसोबत गेलो, म्हणजे देवळं कमी आणि भावोजीच जास्त बघितले. निघण्याआधी दोन पुस्तकं वाचून काढल्यामुळे त्यांनी गाईडला फाटकातूनच वाटेला लावलं होतं.

मोठ्या देवळामागे एक बुटकं, उघडंबोडकं जोतं होतं आणि त्याच्या कोपऱ्यात दगडी मोरी. भावोजी तिथे उकिडवे बसले.

"हा दासींचा महाल! सांडपाण्याला उतार कसा दिलाय बघा. नाहीतर हल्लीची कामं!"

ताईसकट आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. न डोलावून सांगतो कोणाला?

तेवढ्यात तिथली झाडूवाली जोत्यावर चढून पाला लोटायला लागली. भावोजी तिच्या अंगावर खेकसले, "अहो बाई, पाय कुठे देताय? हजार वर्षांचा वारसा आहे हा! पण इथे कोण राहत होतं, ते तुम्हाला काय कळणार म्हणा!"

बाईंनी झाडू थांबवला. मोरीकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या,



"आम्ही राहत होतो, साहेब. तुम्हाला देऊळ नीट दिसावं म्हणून चार वर्षांपूर्वी घर पाडलं आमचं."