ओळख न विचारता

तळघरातला जुना कॉम्प्युटर आणि आमचा नवा यांचं काही केल्या जुळेना, त्यामुळे रुग्णांचे रिपोर्ट अडकले होते. नवा दरवेळी एकच तक्रार करायचा: पलीकडच्याची ओळख पटत नाही.

"जुनं खोड ते, त्याला कुठली ही नवी ओळखतपासणी कळणार? बंद कर ती," साहेब म्हणाले.

"पण सर, एरवी रडतखडत चालणारा तो आज इतकी झटपट उत्तरं कसा देतोय?"

"तू दुधातही माशी शोधशील."

मी तपासणी बंद केली. क्षणात जोडणी झाली आणि सगळ्या रुग्णांची माहिती भराभर पलीकडे गेली.

तेवढ्यात तळघरातून वायरमन वर आला.



"ताई, वायरिंग झालं एकदाचं. तो जुना कॉम्प्युटर आता चालू करू का?"