जादा साठ किलो

डंपर जागचा हलेना. नव्या गाड्यांत कायद्याच्या वर किलोभर जरी माल गेला, तरी चाकं आपोआप जखडायची. आज पडद्यावर लाल आकडा पेटला होता: साठ किलो जादा.

“चार घमेली खाली ओत आणि नीघ!” खाणीचा मुकादम दराडे खालून खेकसला.

ड्रायव्हर गहिनीनाथ फावडं घेऊन खडीवर चढला. जरा उकरलं तोच माणसाचा हात वर आला. मनगटावरचं घड्याळ त्याने ओळखलं. सकाळी खाण तपासायला आलेल्या तलाठ्याचं होतं ते. दराडेने डोक्यात घाव घालून, मुडदा समजून त्याला खडीत गाडलं होतं, पण तेवढ्या वजनाची खडी काढायला विसरला होता.

त्या बोटांनी गहिनीनाथला घट्ट धरलं.

“जिवंत आहे हा!” तो ओरडला.

दराडे पहार घेऊन वर आला. पहिल्याच घावात गहिनीनाथचा डावा खांदा मोडला. त्याने उजव्या हाताने फावडं फिरवलं, ते दराडेच्या गुडघ्यात रुतलं आणि दराडे वरून दगडांवर आपटला.

गहिनीनाथने तलाठ्याला ओढत केबिनमध्ये आणलं, मग एका हाताने खडी उपसत राहिला. आकडा हिरवा झाला.

“मलाही ने रे!” रक्ताच्या थारोळ्यात दराडे विव्हळला. “अजून चार घमेली ओत, पाया पडतो तुझ्या!”

गहिनीनाथने इंजिन चालू केलं.

“खांदा मोडलाय माझा, मुकादम. आता फावडं उचलवत नाही.”