दौऱ्यावरून आणलेले दगड

नवरा प्रत्येक दौऱ्याहून एक दगड आणायचा आणि ती तो घासूनपुसून टेबलावर सिमेंटात बसवायची. हा लाल वाळवंटातला, हा हिरवा समुद्रकाठचा, असं ती येईल त्या पाहुण्याला तोंड भरून सांगायची. तो शेजारी बसून मान डोलवायचा.

आता ते टेबल लेकीच्या घरी जायचं होतं. लेक खनिजं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला. म्हणाली, "जाण्याआधी प्रत्येक दगडाची जात शोधून काढते."

"कशाला नसती उठाठेव," नवरा पुटपुटला.

लेकीनं एकेका दगडावर अ‍ॅसिडचा थेंब टाकला. सगळे सारखेच फसफसले. चाकूनं खरवडल्यावर लाल आणि हिरवा रंग निघून आला, आत सगळे पांढरेफटक.

"आई, हा सगळा एकच संगमरवर आहे, वरून रंगवलेला. कुंडीत शोभेला घालतात ना, तो."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "म्हणजे इतकी वर्षं चारचौघांत माझं हसं केलंत?"

"अगं, एवढं काय चिडायचं," नवरा हसत म्हणाला. "कामाच्या गडबडीत राहून जायचं. मग परत निघताना दारातल्या कुंडीतला एखादा उचलायचो."

लेकीलाही हसू फुटलं. आईनं मात्र हातातलं फडकं टेबलावर आपटलं.

 

"गावं इतकी सगळी आणि कुंडी एकच? कुणाच्या दारातली?"