घरची बासरी

अमेरिकेतल्या आमच्या होपी आदिवासींच्या गावाखालच्या कपारीत गोऱ्या संशोधकांनी खोदकाम केलं, तेव्हा आमच्या पूर्वजांची लाकडी बासरी सापडली आणि थेट शहरातल्या संग्रहालयात गेली. ती परत मिळावी म्हणून विल्मरमामा अर्धं आयुष्य भांडला. शेवटी ती येणार असं कळलं, तेव्हा त्याने आधी नवी कवळी बसवून घेतली. बोळक्या तोंडाने फुंकणार कशी?

आज संग्रहालयाची जोआन खोकं घेऊन आली. सगळं गाव चौकात जमलं होतं. तिने पुढे केलेले हातमोजे मामाने बाजूला सारले.

"मोजे कशाला, पोरी? घरचीच आहे ती."

त्याने बासरी ओठांकडे नेली, तसा जोआनने त्याचा हात धरला.

"तोंडाला लावू नका. कीड लागू नये म्हणून संग्रहालयातल्या आमच्या जुन्या लोकांनी तिला विष चोळलंय. ते आता निघत नाही."

"मग, लागली का कीड?"

"नाही," ती खाली बघत म्हणाली.

"किडे शहाणे म्हणायचे."



मामाने बासरी खोक्यात ठेवली, तोंडातली कवळी काढून तिच्या शेजारी ठेवली आणि झाकण लावलं.