रक्तगटाची कार्डं

पंचाहत्तर सालच्या सुमारास हिंगोलीच्या दवाखान्यात कौसल्या सिस्टरनं रक्तदात्यांची कार्डं नव्यानं लावली. एका पेटीत रक्तगटाची, दुसरीत नावागावाची, आणि एका माणसाच्या दोन्ही कार्डांवर एकच नंबर. रक्तगटाच्या कार्डांना कडेनं भोकं होती. ज्याचा जो गट, त्या भोकाला कडेपर्यंत काप दिलेला. भोकातून स्वेटरची सुई घालून गठ्ठा उचलला, की त्या गटाची कार्डं आपोआप खाली पडत. डॉक्टर तिला थट्टेनं ज्योतिषीण म्हणायचे.

एका सकाळी नरसीची सोजराबाई बाळंत झाली. पोरगी ठणठणीत, पण आईचं रक्त थांबेना, आणि गट दुर्मीळ निघाला. सिस्टरनं सुई घालून गठ्ठा उचलला. एकच कार्ड पडलं. त्याचा नंबर दुसऱ्या पेटीत शोधून तिनं नाव वाचलं, "जळबा, राहणार नरसी."

सोजराबाईचा सासरा ग्यानोबा खाली बघत म्हणाला, "त्याचं अन् आमचं बोलणं न्हाई. बांधावरून दावा चालू हाय."

"बोलू नका. जीपमध्ये बसा आणि नुसतं घर दाखवा."

दुपारी जळबा आला आणि ग्यानोबाकडं न बघता कॉटवर आडवा झाला. संध्याकाळी सोजराबाईनं लेकीला पदराखाली घेतलं.

बारशाला सिस्टर नरसीला गेली, तर पाळण्यापाशी जळबा झबलं-टोपडं घेऊन उभा. तिनं ग्यानोबाला हळूच विचारलं, "दावा मिटला वाटतं?"

"कुठला मिटतो? सोमवारी तारीख हाय, दोघं संगंच जाणार," ग्यानोबा म्हणाला. "पण लेकराचा रक्ताचा मामा हाय तो. त्याला सोडून बारसं कसं करावं?"