दुखतं तिथं बोट

"उताणं झोपा," सोनोग्राफीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ती कशीबशी टेकली आणि विव्हळत उठली. बसवेना, म्हणून उभी राहिली.

उद्या सकाळी तिच्या मणक्याचं ऑपरेशन होतं. त्याआधी पोटाची तपासणी, एवढंच इथलं काम. बरं वाटेलच असं नाही, हे सर्जननं आधीच सांगून ठेवलं होतं. पण नको म्हणायचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं. गोळ्या झाल्या, शेक झाला, पट्टा झाला, कमरेत सुया टोचून झाल्या. गुण म्हणाल तर शून्य. दप्तरं शिवायच्या कारखान्यातली नोकरी गेली. जेवण उभ्यानं. लेकीला मांडीवर घ्यायचं म्हटलं की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. शेजारणी म्हणायच्या, काम टाळायला कंबरदुखीसारखं दुखणं नाही. यापेक्षा मेलेलं बरं, असं तिला हल्ली रोज वाटायचं.

नशीब एवढंच, की सासरा देवमाणूस मिळाला होता. नवरा परगावी नोकरीला. पण सासऱ्यांनी सुनेला कधी एकटीला दवाखान्यात धाडलं नाही. तिच्याबरोबर आत यायचे, शेजारी खुर्ची ओढून बसायचे आणि तिनं तोंड उघडायच्या आत डॉक्टरांना सांगायचे, "हिची कंबर दुखते हो. पायापर्यंत कळ जाते." ती मान हलवायची. आज मात्र इथल्या नर्सनं त्यांना दाराबाहेरच थांबवलं होतं.

"नेमकं कुठं दुखतं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "एक बोट ठेवून दाखवा."

सवयीनं हात कमरेवर गेला. तिनं दाराकडे पाहिलं. दार बंद होतं. हात खाली सरकला, उजव्या कुल्ल्याच्या मधोमध थांबला. "इथं," ती म्हणाली आणि तिला रडूच कोसळलं.

डॉक्टरीणबाईंनी तिला पालथं झोपवलं. गार जेल लावून मशीनचा दांडा आधी एका बाजूला फिरवला, मग दुसऱ्या. पडदा तिच्याकडे वळवला. आतला तोच स्नायू डावीकडे शिडशिडीत होता, उजवीकडे सुजून टम्म झालेला. पायात उतरणारी जाड नस त्याच्याखालून जात होती. दांडा तिथं जरा दाबला आणि ती किंचाळली.

"हीच कळ?"

"हीच हो!"

"मणक्याची चकती जराशी सरकलेली पुष्कळांची असते. तुमचं दुखणं बहुतेक इथलं आहे. मशीनवर बघत या स्नायूत एक सुई देऊन पाहू. कळ थांबली तर चोर सापडला. सर्जनशी मी बोलते, उद्याचं तूर्त थांबवू. म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी झालं की हे! ही जागा कधी कुणाला दाखवली कशी नाहीत?"

"मामंजी समोर असायचे ना," ती पुटपुटली. "त्यांच्यादेखत हात कुठं लावू?"

डॉक्टरीणबाईंनी जेल पुसायला तिच्या हातात कागद दिला. मग म्हणाल्या, "त्यांना मी सांगू का?"

"नको. आता मीच सांगते."

ती बाहेर आली. सासरे धडपडत उठले. काय झालं असेल या भीतीनं त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. जमिनीकडे बघत, कानाच्या पाळ्या तापलेल्या, तिनं सगळं सांगून टाकलं. दुखणं कुठलं, कापाकापी कुठं होणार होती आणि इतके दिवस ती गप्प का होती, तेही.

सासऱ्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

"अगं पोरी," ते म्हणाले, "पुरुष डॉक्टरसमोर तू एकटी संकोचशील, म्हणून तर मी दर वेळी आत येत होतो."